मानाप्रमाणे अकरा जण

बापूराव सबनिसांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे कोणीतरी म्हणायचं, मी त्यांची बाजू घेतली. बडोद्यातल्या लहरीपुऱ्याच्या आमच्या फुटबॉल संघाचे ते तीन हंगाम मॅनेजर होते आणि त्या तीन हंगामांत आम्ही दोन सामने जिंकलो. त्यातला एक, समोरचा संघ आलाच नाही म्हणून. महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटशेवटची वर्षं. तेव्हापासून कुठे गोलाचे खांब रोवताना दिसले की मला बापूराव आठवतात. उंच, लांब काळा कोट, डोक्यावर पागोटं, आणि हातात शिट्टी नाही, चेंडू नाही, तर घडी घातलेला एक कागद.

तो कागद म्हणजे बापूराव. बाकीचा माणूस त्या कागदाला लावलेला होता म्हणा ना.

आम्ही दोघं एकाच कचेरीत. मी दप्तरात जुनी बाडं शोधून द्यायला, आणि ते दरबारच्या बैठकीच्या टेबलावर. दसऱ्याचा दरबार, वाढदिवसाचा दरबार, कोणी बडा पाहुणा आला की त्याचा दरबार. गादीच्या उजव्या हाताला कोण, डाव्या हाताला कोण, कोणाच्या पुढे कोण आणि कोणाच्या मागे कोण, याचा तक्ता बापूराव करीत. तुम्ही म्हणाल, हे काय काम झालं? अहो, जुन्या बडोद्यात माणसं जमिनीसाठी भांडली नसतील एवढी बसायच्या जागेसाठी भांडली आहेत. एका सरदारांना एकदा एक जागा खाली बसवलं गेलं, तर त्यांनी दोन वर्षं डोकं दुखतंय म्हणून दरबारच टाळला. बापूरावांनी जुनी कागदपत्रं चाळून त्यांच्या पणजोबांची जागा शोधून काढली तेव्हा कुठे ते डोकं दुखायचं थांबलं.

"प्रघात काय आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कशालाही. कचेरीत नवा माठ आला तर तो कोणाच्या टेबलापासून किती लांब ठेवायचा, इथे प्रघात. माझ्या पुतण्याच्या बारशाला जेवायला बोलावलं, तर पंगतीत पाट मांडलेले बघून हे दारातच थांबले. "हे असे कसे मांडलेत?" म्हणाले. मग काय, उठा, सरका, तुम्ही इकडे या, मामंजी तुम्ही तिकडे. तीस माणसं सोवळं नेसून भिंतीला टेकून उभी आणि श्रीखंड पानात पातळ होतंय. माझी वहिनी आतून मला म्हणाली, "भावजी, यांना पुन्हा बोलावलंत तर मी माहेरी जाईन." पण खरं सांगू? त्या दिवशी पंगतीत एकही माणूस रुसला नाही. आमच्या घरात असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

फुटबॉलशी त्यांची गाठ पडली ती याच गुणामुळे. लहरीपुऱ्याच्या तरुणांनी संघ काढायचं ठरवलं तेव्हा पहिलं भांडण झालं ते पुढे कोणी खेळायचं यावरून. पाच जण पुढे, तीन मध्ये, दोन मागे, एक गोलात, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण पुढे जायला अकराच्या अकरा तयार. गोलात उभं राहायला कोणी नाही. चेंडू आला होता, खांब रोवले होते, आणि आठवडाभर खेळच नाही! शेवटी कोणीतरी बापूरावांना बोलावलं. त्यांनी अर्ध्या तासात तक्ता करून दिला. पुढे पाच सरदारांची मुलं. अगदी मध्यभागी बाळासाहेब, कारण त्यांच्या घराण्याचा मान सगळ्यांत मोठा. मध्ये तीन शिलेदारांची. मागे दोन कारकुनांची. आणि गोलात गणपत.

गणपत पागेतला मोतद्दार. घोडी धुवायची, खरारा करायचा, चारा घालायचा. चोवीस-पंचवीसचा गडी, अंगाने लोखंडी. हा आमच्यातला एकटाच खरोखर खेळणारा होता. पायाला चेंडू लागला की सुटायचा नाही. पण मान कुठला त्याला? म्हणून तो सगळ्यांत मागे.

तक्ता ऐकून सगळे गप्प झाले, भांडण मिटलं, आणि त्या आनंदात आम्ही बापूरावांना मॅनेजर करून टाकलं. इथे आमची अक्कल दिसते. ज्याने भांडण मिटवलं त्याला सामनेही जिंकता येतील, असं आम्हांला वाटलं.

पहिलाच सामना पलटणीच्या संघाशी झाला. बाळासाहेब मध्यभागी उभे राहिले ते घरच्या मिरवणुकीत उभं राहावं तसे. चेंडू त्यांच्याकडे आला की ते आधी आजूबाजूला बघत. डावीकडच्या खेळाडूचे वडील वयाने मोठे, म्हणून चेंडू त्याला. तो बघे, उजवीकडच्याची आत्या बाळासाहेबांच्या घरात दिलेली, म्हणून चेंडू त्याला. असा चेंडू मानाने फिरत राही आणि मध्येच एखादा शिपाई येऊन तो घेऊन जाई. नऊ गोल झाले आमच्यावर. गणपतने दहा-बारा अडवले म्हणून नऊ.

दुसऱ्या हंगामात एकदा गणपतचा संयम सुटला. गोलात आलेला चेंडू त्याने पायात घेतला आणि तो जो सुटला तो सुटलाच. आमच्या मागच्या फळीला ओलांडून, मधल्या फळीला ओलांडून, बाळासाहेबांच्या अगदी समोरून गेला आणि समोरच्या गोलात चेंडू ठोकून आला. काय गलका केला आम्ही! टोप्या उडवल्या. आणि बापूराव? मैदानाच्या कडेने लगबगीने गेले, समोरच्या कप्तानाला नमस्कार केला आणि म्हणाले, "माफ करा. आमचा माणूस जागा सोडून आला." कप्तान बिचारा बघतच राहिला. मग गणपतकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "गणपत, असं करायचं नसतं. तू असा निघालास की सगळा तक्ता मोडतो."

"जी," म्हणाला गणपत. आणि मागे जाऊन उभा राहिला.

आता आमचं सांगतो. आम्ही म्हणजे संघाचे पाठीराखे. लहरीपुरा दरवाज्याजवळ चंदुभाईचं चेवड्याचं दुकान होतं. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की त्या दुकानाच्या ओट्यावर आम्ही दहा-बारा जण जमायचो. आमच्यातल्या एकाचाही पाय आयुष्यात चेंडूला लागलेला नव्हता. पण मॅनेजरला ठेवावं की काढावं, यावर दीड वर्ष रोज वाद झाला. दरबारचं राजकारण आम्हांला बोलता येत नव्हतं, साहेबांबद्दल बोलायची छाती नव्हती, मग राहिले कोण? बापूराव!

काढा म्हणणाऱ्यांचे पुढारी दिघे वकील. मुंबईला शिकून आलेले, तिथे गोऱ्या पलटणींचे सामने बघितलेले. प्रत्येक वाक्यात निदान एकदा मुंबई. "मुंबईला असा मॅनेजर एक आठवडा टिकला नसता," हे त्यांचं पालुपद. ठेवा म्हणणाऱ्यांचे पुढारी असे कोणी नव्हते, पण कारणं भरपूर. कोणी म्हणे, चेंडूच हलका आहे. कोणी म्हणे, आपलं मैदान उताराचं आहे. एक म्हातारे पेन्शनर रोज सांगत, "अरे, हरण्यातसुद्धा शिस्त दिसते की नाही? दुसऱ्या संघात बघा, कशी माकडं धावतात!" चंदुभाई चेवडा तोलता तोलता म्हणायचा, "बापूरावभाई माणूस सारो छे. पण भाई, गोल तो थतो नथी, तेनुं शुं?" माणूस चांगला, पण गोल होत नाहीत त्याचं काय? खरं म्हणजे एवढ्या वादात अकलेचं बोलणं तेवढंच होतं. पण चंदुभाईचं कोण ऐकतो? तो दुकानदार.

तिसऱ्या हंगामात आम्ही तरसालीशी हरलो. पलटणीशी हरणं वेगळं. तरसाली म्हणजे शहराबाहेरचं एक खेडं. दिवसभर शेतात राबलेली पोरं संध्याकाळी चेंडू मारायची, आणि त्यांनी आमच्यावर सात गोल चढवले. परत येताना लहरीपुऱ्यात आम्ही मागच्या गल्लीतून शिरलो. दुसऱ्या दिवशी दिघे वकील ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "बास झालं. सभा बोलवा. मॅनेजरला काढायचा ठराव मी मांडतो."

सभा ठरली चंदुभाईच्या दुकानामागच्या वखारीत. अध्यक्ष एक निवृत्त रिसालदार. कान थोडे अधू, मिशा मात्र अजून कामावर. अकरा खेळाडू आणि बारा पाठीराखे मत देणार, आणि ज्यांच्याबद्दल ठराव त्या बापूरावांना मत नाही.

सगळे जमले. सतरंज्या घातल्या. आणि कोणी बसेना! अध्यक्षांच्या उजव्या हाताला कोण? वकील म्हणाले, ठराव माझा आहे, मी बसतो. बाळासाहेबांचे काका म्हणाले, वकील बसणार असतील तर आम्ही उभेच बरे. शिलेदारांची मुलं म्हणाली, कारकून आमच्या पुढे कसे? आमचा हेडक्लार्क म्हणाला, कचेरीत मी कोणाच्या खाली बसत नाही, मग वखारीत का बसू? अर्धा तास तेवीस माणसं वखारीत उभी. शेवटी रिसालदार ओरडले, "अरे, तो सबनीस कुठाय? बोलवा त्याला! जागा लावून द्या म्हणावं!"

तर ज्यांना काढायचं होतं त्यांनाच आम्ही घरी माणूस पाठवून बोलावलं. लाज? छे! कोणाला वाटली नाही. बापूराव आले, सभा कशासाठी आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण चेहऱ्यावर काही नाही. कोट झटकला, कागद काढला, पेन्सिल काढली. "प्रघात बघितला पाहिजे," म्हणाले. "मॅनेजरला दूर करण्याच्या सभेचा तक्ता यापूर्वी झालेला नाही." मग एकेकाचं घराणं, नोकरी, वय विचारीत बसले. सगळ्यांची नावं लिहून झाली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि चंदुभाईला वखार बंद करायची होती. सभा पुढच्या रविवारवर ढकलली. दिघे वकील नुसते धुमसत होते. "मुंबईला..." एवढंच म्हणाले आणि पुढे त्यांना शब्द सापडेना.

त्या आठवड्यात बापूराव कचेरीत माझ्या टेबलाशी आले. असे ते कधी येत नसत. कोणी कोणाच्या टेबलाशी जायचं याचाही त्यांच्याकडे प्रघात होता. उभ्या उभ्याच म्हणाले, "रविवारचा तक्ता झाला. स्वतःची जागा कुठे लावावी कळत नव्हतं. अध्यक्षांच्या समोर, एकटा. ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "बापूराव, कशाला एवढं मनाला लावून घेता? फुटबॉलच तर आहे. सोडून द्या, मोकळे व्हा."

त्यांनी हातातला कागद उघडला, पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "या दसऱ्याला दरबारात खुर्च्यांना आकडे लावले होते, बघितलंत? निमंत्रणावर आकडा छापला, खुर्चीवर तोच आकडा. माणूस येतो, आकडा शोधतो, बसतो. कचेरीच्या नव्या साहेबांनी सांगितलं, सबनीस, तुमचा तक्ता आता लागणार नाही, तुम्ही लिफाफ्यांवर पत्ते लिहा. बावीस वर्षं केलं हो मी ते काम. आता मांडायला माझ्याकडे हे अकरा जण तेवढे उरलेत. तेही काढून घेतलेत तर मी करू काय?"

असं उघड बोललेलं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मला भरून आलं. आणि हेही सांगतो, की तेवढ्याने माझं मत ठरलं नाही. मत ठरलं ते रविवारी, तक्ता वाचला तेव्हा. बापूरावांनी मला माझ्या हेडक्लार्कच्या एक जागा वर बसवलं होतं! माझे आजोबा किल्ल्यावर अंमलदार होते, ते यांनी कुठून तरी शोधून काढलं होतं. अकरा वर्षं त्या हेडक्लार्कच्या शिव्या खाल्लेला मी, त्या दिवशी त्याच्या वर बसलो. बापूरावांनी जग बुडवलं असतं तरी मी त्यांना ठेवा म्हणालो असतो.

रविवारची सभा मात्र काय शांत झाली! प्रत्येकाची जागा ठरलेली. कोणी हूं की चूं नाही. अध्यक्षांच्या समोर, सगळ्यांपासून चार हात दूर, बापूराव मांडी घालून एकटेच बसले. दिघे वकिलांची जागा सतरावी होती आणि त्यांचं भाषण त्या रागातच निघालं. "हा खेळ आहे की हळदीकुंकू?" म्हणाले. "ज्याला पळता येतं तो मागे आणि ज्याला श्वास घेता येत नाही तो पुढे!" बाळासाहेबांनी श्वास घेऊन हरकत नोंदवली.

मतं घ्यायची वेळ आली तेव्हा रिसालदारांनी विचारलं, "सबनीस, मतं कशी घ्यायची? प्रघात काय?"

"वरून खाली," बापूराव म्हणाले. "मोठा मान आधी बोलतो."

बाळासाहेबांचे काका म्हणाले, "राहू द्या." बाळासाहेबही तेच म्हणाले. पुढच्या फळीतले पाचही जण म्हणाले, राहू द्या. दुसरा मॅनेजर आला तर आपण कुठे फेकले जाऊ, एवढं त्यांना कळत होतं. मधल्या फळीतले तिघं म्हणाले, काढा. त्यांना पुढे जायचं होतं. मी म्हणालो, राहू द्या. माझ्यानंतर माझा हेडक्लार्क म्हणाला, काढा. माझ्याकडे बघत म्हणाला. पेन्शनर म्हणाले, राहू द्या, शिस्त आहे. वकील तर ओरडलेच. असं करता करता बाविसावा चंदुभाई आला. त्याने दोन्ही हात जोडले. "बापूरावभाई, मने माफ करजो," म्हणाला. "पण काढा." आणि खरोखर त्याचे डोळे ओले झाले.

रिसालदारांनी बोटं मोजली. अकरा विरुद्ध अकरा. "आता?" म्हणाले.

आता राहिला तेविसावा. दाराजवळ, सतरंजी संपते तिथे, जमिनीवर बसलेला गणपत.

सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. बाळासाहेब खाकरले. त्यांच्या काकांचाच हुकूम पागेत चालत होता, आणि ते गणपतला माहीत होतं. मला वाटलं, संपलं. हा म्हणणार, साहेब राहू देत. मोतद्दार दुसरं काय म्हणणार?

गणपत उभा राहिला. घाबरला होता, हाताची बोटं एकमेकांत अडकली होती. म्हणाला, "मला फुडं खेळायचंय."

"काढा की ठेवा, ते बोल!" रिसालदार ओरडले.

"काढा," म्हणाला गणपत.

बापूरावांचा चेहरा पांढराफटक पडला. तीन वर्षं त्यांनी त्या माणसाला मागे उभं केलं होतं आणि शपथेवर सांगतो, त्याला तिथे उभं राहायचं नसेल हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्यांच्या तोंडून कसेबसे शब्द आले, "गणपत, अरे, हे तू आधी का नाही बोललास?"

"बोलायची पाळी आजच आली, साहेब," गणपत म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट. साधं उत्तर दिलं त्याने. बापूराव उठले, हातातला कागद दिघे वकिलांपुढे ठेवला आणि म्हणाले, "तुमचा संघ." मग सगळ्यांना नमस्कार करून गेले. वरपासून खालपर्यंत, क्रमाने.

पुढची गंमत ऐका. दिघे वकील मॅनेजर झाले. पुढचाच सामना पुन्हा तरसालीशी, तरसालीतच. वकिलांनी तरसालीच्या मैदानावर पोचल्यावर नवी रचना वाचली. गणपत अगदी पुढे, मध्यभागी. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाळासाहेबांनी तोंड पाडलं, पण सरकले. आणि मग वकिलांनी विचारलं, "गोलात कोण?"

कोणी नाही! एकाने सांगितलं, माझ्या वडिलांना कळलं तर घरात घेणार नाहीत. दुसरा म्हणाला, मोतद्दाराच्या जागेवर मी? तिसऱ्याच्या गुडघ्यात तिथल्या तिथे कळ आली. वकिलांना कोणीतरी म्हणालं, मग तुम्हीच उभे राहा. तर म्हणतात, "मी मॅनेजर आहे! मुंबईला मॅनेजर गोलात उभा राहत नाही." तरसालीची पोरं तिकडे हसायला लागली. गणपत हे सगळं ऐकत होता. त्याने मान खाली घातली आणि तो मागे चालायला लागला, गोलाकडे. एवढ्या लांबून आला, पुढे उभा राहिला, आणि निघाला परत.

तेवढ्यात मैदानाच्या कडेने बापूराव आले. ते सामना बघायला आलेत हेच आम्हांला माहीत नव्हतं. लहरीपुऱ्यापासून चालत आले होते. त्यांनी पागोटं उतरवून माझ्या हातात दिलं, कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला, धोतराचा काचा मारला. "गणपत, तू जागा सोडू नको," म्हणाले. "तुझी जागा पुढे आहे. तक्त्यात तसं लिहिलंय."

आणि पंचावन्न वर्षांचे बापूराव सबनीस गोलात जाऊन उभे राहिले.

खोटं कशाला सांगू? भयंकर खेळले. पहिला चेंडू त्यांच्या दोन पायांमधून गेला. दुसरा आला तेव्हा ते वाकून त्याची वाट बघत होते आणि तो डोक्यावरून गेला. एक मात्र पोटाने अडवला, आणि ते खाली बसले ते मिनिटभर उठले नाहीत. गणपतने तीन गोल केले. काय खेळला तो, अरे देवा! तीन वर्षं डबक्यात कोंडून ठेवलेलं पाणी सुटावं तसा. पण बापूरावांनी चार खाल्ले, आणि आम्ही एका गोलाने हरलो.

परत येताना पाठीराख्यांचा छकडा माझ्या शेजारून गेला. आत सात-आठ जण कोंबलेले आणि सगळे एकदम बोलत होते. "पंचावन्न वर्षांच्या माणसाला गोलात? हा काय मॅनेजर झाला?" "दिघ्याला काढा!" "सभा बोलवा!" पेन्शनर म्हणत होते, बापूरावांच्या वेळी निदान शिस्त होती. छकड्याची धूळ माझ्या तोंडात गेली.

मी चालत होतो, हातात त्यांचं पागोटं, खांद्यावर त्यांचा कोट. पुढे दहा पावलांवर बापूराव आणि गणपत. बापूराव लंगडत होते, धोतर गुडघ्यापर्यंत मातीने भरलेलं, डोकं उघडं. डोक्यावर केस फार थोडे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. गणपत सारखा मागे राहायला बघायचा आणि ते थांबून त्याला बरोबरीला घ्यायचे.

मग बापूराव म्हणाले, "गणपत, तीन वर्षं तुला तिथे उभं केलं. तिथून काय दिसतं ते मला ठाऊक नव्हतं रे."

"काय दिसतं साहेब?"

"सगळ्यांच्या पाठी."

गणपतने बापूरावांचा हात धरून आपल्या खांद्यावर घेतला, आणि दोघं तसेच लंगडत पुढे गेले.